फेरारी ४५८ इटालिया : दसऱ्यानंतरच्या वार्षिक देखभालीच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

गाडी सकाळी फ्लॅटबेडवरून कार्यशाळेत उतरवून घेतली. फेरारी ४५८ इटालिया, २०१३ सालची, रंग बियांको आवुस, म्हणजे धातूची चमक नसलेला शुद्ध पांढरा. बॉनेट, पुढचा बंपर, पुढचे फेंडर आणि आरसे यांवर पीपीएफची, म्हणजे रंगाचे रक्षण करणारी पारदर्शक फिल्म आहे. दारे, छप्पर आणि मागचा सगळा भाग यांवर फक्त सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर द्रवरूपात लावून कडक होणारा पातळ संरक्षक थर, आहे. दोन्ही कामे दोन वर्षांपूर्वी येथेच झाली होती, त्यामुळे रंगाच्या जाडीच्या तेव्हाच्या नोंदी हाताशी आहेत.

मालकांशी बोलून कामाची मर्यादा आधीच ठरवून घेतली. दिवाळीपूर्वी संपूर्ण गाडी पुन्हा पॉलिश करून वर नवे कोटिंग चढवावे, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही तसे करू नये असे सुचवले, कारण पॉलिश करणे म्हणजे क्लिअर कोटचा (रंगावरच्या पारदर्शक थराचा) वरचा भाग घासून काढणे, आणि तो सगळा थर मिळून साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही त्याच थरात असतात. व्याजावर भागत आहे तोवर मुद्दलाला हात लावू नये. गाडीवर आज जे दिसते आहे त्यातले किती वरून चिकटलेले आहे आणि किती रंगात उतरलेले आहे, याचा शोध आधी घ्यायचा, आणि जे उतरलेले आहे त्यातही अगदी डोळ्यांत खुपेल तेवढ्यालाच मशीन लावायचे, असे शेवटी ठरले. मालकांना ते पटले, पण मनापासून पटले असे वाटले नाही.

परवाच दसरा झाला. सालाबादप्रमाणे गाडीची पूजा झाली आहे आणि तिच्या खुणा पुढच्या निम्म्या भागावर पसरलेल्या आहेत. बॉनेटवर ओल्या हळदीने बोटाने काढलेले स्वस्तिक असून त्यात कुंकवाचे ठिपके आहेत. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेवर नारळाचे पाणी ओघळून चिकट झाले आहे. विंडस्क्रीनखालच्या जाळीत अक्षता अडकलेल्या आहेत. झेंडूचा हार बांधायला बंपरच्या झरोक्यांतील दोन काळ्या पात्यांचा उपयोग केलेला दिसतो; ही पाती शोभेची नाहीत, ती लवचीक असून वेग वाढला की हवेच्या दाबाने वाकतात आणि रेडिएटरकडे जाणारे तोंड अरुंद करतात. दोऱ्याचा वळ दोन्ही पात्यांवर उमटलेला आहे, परंतु चीर गेलेली नाही. दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवली.

बॅटरीला कंडिशनर, म्हणजे तिचा चार्ज टिकवून ठेवणारे यंत्र, जोडला. पुढचे अनेक दिवस दारे उघडी राहणार, दिवे लागत-विझत राहणार, आणि ही गाडी नुसती उभी असतानाही बॅटरी खाते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पाण्याचा थेंबही गाडीवर पडू देण्याआधी अक्षता वेचून काढल्या. तांदूळ भिजला की फुगतो आणि जाळीखालच्या पाण्याच्या वाटेत जाऊन बसतो. शिवाय तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत धान्याचे दाणे राहू देणे म्हणजे उंदरांना वायरिंगपर्यंत बोलावून आणणे होय. मऊ ब्रशने दाणे सैल करून बारीक तोंडाच्या व्हॅक्यूमने ओढून घेतले. कुंकू लावलेले दाणे बाहेर येताना प्लास्टिकवर गुलाबी रेघा सोडत होते, म्हणून ब्रश दर वेळी कोरड्या कापडावर पुसून घ्यावा लागला.

त्यानंतर पाणी मोजले. कार्यशाळेच्या बोअरवेलचे पाणी आज ५४० पीपीएम (दहा लाख भागांत ५४० भाग) विरघळलेले क्षार दाखवत होते. पुण्याखालच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि पॅनेलवर थेंब वाळला की तेच मागे राहतात. पांढऱ्या रंगावर ते दिसत नाहीत एवढेच. काचेवर आणि काळ्या भागांवर ते लगेच उमटतात. मळ सोडवण्यापुरते बोअरवेलचे पाणी वापरले आणि शेवटची धार रेझिनच्या टाकीतून काढलेल्या क्षारमुक्त पाण्याची दिली.

एरवी पहिल्या फोमसाठी आम्ही अल्कधर्मी द्रावण घेतो, कारण पावसाळ्यात साचलेला तेलकट थर त्यानेच सुटतो. आज ते फक्त दारांपासून मागे वापरले. पुढच्या भागावर उदासीन शाम्पूचा फोम दिला; त्याचे कारण उद्याच्या नोंदीत येईल. प्रेशर वॉशरची धार फिल्मच्या कडांना समांतर ठेवली, काटकोनात किंवा कडेखालून नाही, कारण दोन वर्षे नीट बसलेली कडसुद्धा चुकीच्या कोनातून बसलेल्या धारेने उचलली जाते. त्यानंतर नेहमीच्या पद्धतीने दोन बादल्या, तळाशी जाळी, वरून खाली, आणि दाराच्या मध्यरेषेखालचा भाग वेगळ्या मिटने. वाळवण्यासाठी आधी ब्लोअर आणि मग जाड मायक्रोफायबर टॉवेल वापरला. टॉवेल फिरवला नाही, टेकवून उचलला.

गाडी कोरडी झाल्यावर छपराच्या मागच्या उजव्या कोपऱ्यापासून काचेपर्यंत पांढुरक्या ओघळांची एक माळ दिसली, आणि या भेटीतली सर्वांत गंभीर बाब तीच आहे. हे बोअरवेलच्या पाण्याचे डाग नव्हेत. पावसाळ्यात तळघराच्या स्लॅबमधून पाझरलेले पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून आणते. ते गाडीवर ठिबकले की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा दगडासारखा थर बनतो, आणि तो वाळेपर्यंतच्या काळात त्यातला तीव्र अल्क खालच्या क्लिअर कोटला खात राहतो. असे डाग नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडण्याचा मोह अनेकांना होतो. तसे न करता सौम्य आम्लाच्या द्रावणात भिजवलेले कापड त्यावर टेकवले, थर मऊ होऊन सुटेपर्यंत कापड पुन्हा ओले करत राहिलो, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुऊन घेतले. थर गेला. त्याखाली प्रत्येक थेंबाच्या आकाराचे मंद वर्तुळ उरले आहे, आणि ते रंगातच आहे.

मालकांना फोन करून गाडी उभी करण्याची जागा आजच बदलून घेण्यास सांगितले. सोसायटी स्लॅबची दुरुस्ती करील तेव्हा करील.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस हळदीचा.

काल रात्री जुन्या पीपीएफच्या एका तुकड्यावर ओल्या हळदीचे बोट ओढून ठेवले होते. आज सकाळी त्यावर अल्कधर्मी क्लीनरचा एक थेंब सोडला. थेंबाच्या कडेपासून आतपर्यंत पिवळा रंग बघता बघता विटकरी लाल झाला, आणि पुसल्यानंतरही फिल्मवर तांबूस छटा राहिली. हळदीचा कागद अल्कात लाल होतो हा शाळेतला प्रयोग सर्वांनी केलेला असतो, आणि चुना घालून हळदीचेच कुंकू करण्याची जुनी रीत त्यावरच उभी आहे. तरीही गाडी धुणारा माणूस डाग दिसला की हातातला सर्वांत जहाल क्लीनर आधी मारतो. काल पुढच्या भागावर अल्क का टाळला, ते यावरून ध्यानात येईल.

हळदीचे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे निम्मे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि निम्मे क्षारमुक्त पाणी असे मिश्रण करून पांढऱ्या सुती कापडाची घडी ओली केली, ती स्वस्तिकाच्या एकेका रेघेवर टेकवली आणि लगेच उचलली. घासायचे नाही, हा नियम येथे विशेष पाळावा लागतो, कारण घासले की रंग सुटतो पण शेजारी पसरतो. प्रत्येक टेकवणीनंतर घडीची नवी बाजू घेतली. सुरुवातीच्या घड्या गडद पिवळ्या झाल्या, नंतरच्या लिंबाच्या रंगाच्या, आणि पुढे कापडावर काही येईनासे झाले. तेव्हा बॉनेटवर स्वस्तिकाची फिकट पिवळी आकृती शिल्लक होती. तो रंग फिल्मच्या वरच्या थरात मुरलेला आहे. ओरखडे उष्णतेने आपोआप बुजतात हे या फिल्मचे वैशिष्ट्य खरे असले, तरी रंगाच्या डागाला त्याचा काही उपयोग होत नाही.

उरलेले काम उन्हावर सोपवले. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. गाडी उद्यापासून सकाळच्या उन्हात बॉनेट पूर्वेकडे करून उभी करायची, काचांना आतून पडदे लावायचे, आणि ऊन चढले की आत घ्यायची.

कुंकवाचे तसे नाही. बाजारातल्या स्वस्त कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि ते उन्हाला सहजासहजी दाद देत नाहीत. ठिपक्यांपैकी बहुतेक अल्कोहोलने पूर्ण निघाले. बॉनेटच्या डाव्या कडेला, जेथे फिल्म संपते तेथे, ओल्या कुंकवाचे पाणी कडेच्या रेषेत शिरले आहे आणि तेथे केसाइतकी गुलाबी रेघ राहिली आहे. ती काढायची तर फिल्मची कड उचलावी लागेल. उचलली नाही.

दुपारी मालकांच्या मातोश्री मुद्दाम गाडी पाहायला आल्या. "अहो, आमच्या पूजेनं गाडी खराब झाली म्हणे? पुढच्या वर्षी करायची नाही का?" असे त्यांनी काळजीने विचारले. त्यांना सांगितले, "काकू, पूजा अवश्य करा. बॉनेटवर आधी एक केळीचं पान ठेवा आणि हळदी-कुंकू त्या पानावर वाहा. हार आरशाला सैल अडकवा, पुढच्या पात्यांना बांधू नका." "म्हणजे देवाचंही राहिलं आणि गाडीचंही," असे म्हणून त्या समाधानाने परत गेल्या. नारळ गाडीसमोर चार हात अंतरावर फोडावा, हे सांगायचे राहून जाऊ नये म्हणून ते कामाच्या कागदावरच लिहून दिले.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळच्या उन्हानंतर स्वस्तिकाच्या रेघा काल संध्याकाळपेक्षा स्पष्टपणे फिकट दिसतात.

रंगाची जाडी मोजली. ४५८चे बाह्य पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत. गॅरेजमध्ये सर्रास असणारे चुंबकीय गेज लोखंडी पत्र्यासाठी असते आणि ते येथे काहीच सांगत नाही. एडी करंटच्या तत्त्वावर चालणारे गेज लागते. बंपर धातूचे नसल्यामुळे तेथे दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि अल्ट्रासॉनिक गेजची गरज पडते. यांपैकी साधे कोणतेही गेज रंग, प्रायमर आणि क्लिअर कोट यांची एकत्र बेरीज दाखवते. त्यातला क्लिअर कोट किती, हे अनुभवाने आणि सावधपणेच ठरवावे लागते.

दोन्ही दारांवर ११८ ते १३२ मायक्रॉन भरले, छप्परही त्याच पट्ट्यात आहे, आणि दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी हे सर्व जुळते. फिल्म असलेल्या बॉनेटवर वाचन तीनशेच्या वर गेले, कारण तेथे फिल्मची जाडीही मोजली जाते. डाव्या मागच्या फेंडरवर २२० ते २४०, म्हणजे गाडी येथे प्रथम आली त्यापूर्वी कधीतरी तो पुन्हा रंगवलेला आहे; तशी जुनी नोंदही आहे. उजव्या दाराच्या वरच्या कडेवर मात्र एका जागी ९१ आढळले. कडेवर रंग नेहमीच पातळ बसतो आणि आधीच्या कोणीतरी तेथे पॉलिशचे पॅड जास्त फिरवलेले असावे. त्या कडेवर चिकटपट्टी लावून "मशीन नको" असे लिहिले.

मागच्या भागावर आयर्न रिमूव्हर फवारला. ब्रेकमधून आणि रस्त्यावरून उडालेले लोखंडाचे कण क्लिअर कोटमध्ये रुतून गंजतात, आणि पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांच्या रूपाने दिसतात, ही पांढऱ्या रंगाची एक सोय म्हणायची. फवारल्यावर प्रत्येक ठिपक्यातून जांभळी धार निघाली. द्रावण वाळू न देता धुऊन टाकले. त्यानंतर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून प्रत्येक पॅनेल चाचपले. पिशवीमुळे बोटांना खरखर अधिक जाणवते. मागच्या बंपरवर, मधोमध असलेल्या तीन एक्झॉस्ट नळ्यांच्या आजूबाजूला, खरखर राहिली होती, म्हणून तेवढ्याच जागी भरपूर वंगण घेऊन सौम्य क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवला. इतरत्र क्ले वापरला नाही. गुळगुळीत लागणाऱ्या पॅनेलवर केवळ पद्धत म्हणून क्ले फिरवणारे पुष्कळ आहेत, आणि मग त्या क्लेचे ओरखडे काढण्यासाठी त्यांना पॉलिश करावे लागते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

ऊन देण्याखेरीज आज काम केले नाही. हळदीची आकृती आता फक्त तिरप्या नजरेला दिसते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

चाके उतरवली. गाडी उचलताना निर्मात्याने नेमून दिलेल्या जागीच जॅकचे पॅड लावले, कारण खालून जवळजवळ सगळा भाग सपाट पत्र्यांनी झाकलेला आहे आणि ते पत्रे भार पेलण्यासाठी नाहीत.

४५८ला कार्बन सिरॅमिक ब्रेक कारखान्यातूनच येत असत. पुढच्या डिस्कचा व्यास ३९८ मिमी आणि मागच्यांचा ३६० मिमी. या डिस्कवर कोणतेही चाक-क्लीनर, आयर्न रिमूव्हर किंवा मेणयुक्त शाम्पू जाऊ देत नाही. लोखंडी डिस्कवर उडालेले रसायन दोन ब्रेकांत जळून जाते. कार्बन सिरॅमिक डिस्क आणि तिचे पॅड यांच्याबाबतीत तो धोका का पत्करावा, आणि तिची किंमत पाहता नुकसान कोणी भरून द्यावे? चाके बाजूला नेऊन स्वतंत्रपणे धुतली, आतल्या बाजूला आयर्न रिमूव्हर तेथेच वापरला, आणि कॅलिपर (डिस्कला पॅडने दाबून धरणारे भाग) जागेवर ठेवून उदासीन शाम्पूच्या ओलसर कापडाने बोटांनी पुसले. कॅलिपरच्या खाचांसाठी वेगळे लहान ब्रश ठेवलेले आहेत.

चाके निघालेली असताना मागच्या कमानींतील उष्णतारोधक पत्रे तपासले. सप्टेंबर २०१० मध्ये फेरारीने तोवर बनलेल्या ४५८ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण हे पत्रे बसवण्यासाठी वापरलेला चिकटद्रव अतितापून पेट घेण्याची शक्यता दिसून आली होती. पुढे गोंदाऐवजी यांत्रिक जोड वापरण्यात आले. ही गाडी नंतरची असल्यामुळे तो प्रश्न येथे नाही, परंतु त्या जागेची उष्णता लक्षात ठेवून तेथे सुकलेला पाला किंवा तेलकट ड्रेसिंग (प्लास्टिक-रबराला चकाकी देणारा लेप) राहू न देण्याची शिस्त आम्ही पाळतो. उजव्या कमानीत पाल्याचा गोळा सापडला. बोल्ट निर्मात्याच्या पुस्तिकेतील टॉर्कनेच आवळले, इम्पॅक्ट गनने नव्हे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी बॉनेट तपासले. हळद गेली. आता उन्हाची गरज नाही.

मशीनचे काम आज एका दिवसात उरकले, कारण ते थोडेच ठेवले होते. पांढऱ्या रंगावर बारीक गोलसर ओरखडे नेहमीच्या ट्यूबलाइटखाली दिसतच नाहीत आणि त्यामुळे पांढरी गाडी नेहमी नव्यासारखी वाटते. खोली अंधारी करून उबदार आणि थंड असे दोन्ही प्रकाश तिरपे टाकले, तेव्हा दोन्ही दारांवर आडव्या ओरखड्यांचे पट्टे उठून दिसले. त्यांची दिशा पाहूनच कारण कळते: सोसायटीत रोज पहाटे गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत एकच फडका बुडवून सगळ्या गाड्यांवरून फिरवतो, आणि धूळ फडक्यात राहून पुढच्या गाडीवर जाते. त्याला दोष देता येणार नाही, त्याला पैसे पुसण्याचेच मिळतात. या गाडीला हात लावू नये असे त्याला सांगणे हाच उपाय आहे, आणि त्याची रक्कम मात्र चालू ठेवावी असे मालकांना सुचवले.

डाव्या दाराच्या खालच्या भागात वितभर जागेवर चाचणी घेतली. ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवतानाच डोलवणारे), सर्वांत मऊ फिनिशिंग फोम पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश, कमी गती, हलका दाब. एका फेरीत पट्ट्यांचा मोठा भाग गेला. अधिक कडक पॅड घेतले असते तर उरलेले दोन-चार खोल ओरखडेही गेले असते. तसे केले नाही. दोन्ही दारे या एकाच पद्धतीने केली. आधी आणि नंतरच्या वाचनांतील फरक गेजच्या स्वतःच्या चुकीच्या मर्यादेत राहिला, म्हणजे जे गेले ते मोजता येण्याइतके नव्हते. उजव्या दाराची ९१ची कड चिकटपट्टीखालीच राहिली.

छपरावरच्या चुन्याच्या वर्तुळांवर तीच फेरी दिली. कडा बोथट झाल्या, वर्तुळे गेली नाहीत. दुपारभर त्यावर चर्चा झाली. सहकाऱ्याचे म्हणणे असे की मधल्या प्रतीचे कंपाउंड घेऊन ती पूर्ण काढावीत, कारण छपरावर जाडी पुरेशी आहे. जाडी आज पुरेशी आहे हे खरे. परंतु पुढच्या पावसाळ्यात स्लॅब पुन्हा गळला, तर त्या वेळी काढायला काय उरेल? शिवाय ती वर्तुळे फक्त अंधाऱ्या खोलीत, एका विशिष्ट कोनातून दिसतात. ती तशीच ठेवून मालकांना छायाचित्रासह कळवले. त्यांनी "चालेल" असे उत्तर पाठवले.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

अंतर्भाग. पावसाळ्यात तळघरात बंद राहिलेल्या गाडीत अपेक्षित होते तेच आढळले: चालकाच्या आसनाच्या बाजूला, सीटबेल्टच्या गुंडाळलेल्या भागावर आणि पायांजवळच्या गालिच्याच्या कडेला राखाडी बुरशी. बुरशी ओल्या कापडाने आधी पुसली की तिचे बीज चहूकडे पसरते, म्हणून प्रथम बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने कोरडी ओढून घेतली आणि मगच सौम्य अल्कोहोलच्या कापडाने टिपली. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून, चिमट्याने अडकवून, वाफेने स्वच्छ केला आणि रात्रभर तसाच वाळत ठेवला; ओला बेल्ट आत जाऊ दिला तर पुन्हा बुरशी धरते.

चामड्यावर कारखान्याचा रंगीत संरक्षक थर असतो, त्यामुळे चामड्याला तेल पाजणे या गाडीत निरर्थक आहे. पाण्यावर आधारित क्लीनर थेट आसनावर न मारता घोड्याच्या केसांच्या ब्रशवर घेतला, हलक्या हाताने फिरवला आणि लगेच टिपून घेतला. चामडे चमकदार दिसू लागले तर त्यावर मळ किंवा ड्रेसिंग आहे असे समजावे. स्वच्छ चामडे मंद असते.

मधल्या पॅनेलवरची बटणे चिकट होऊ लागली आहेत. त्या काळातल्या फेरारी गाड्यांचा हा सर्वश्रुत दोष आहे: प्लास्टिकवरचा मऊ रबरी थर उष्णतेने आणि दमटपणाने विघटित होतो आणि बोटाला गोंदासारखा लागतो. अल्कोहोलने तो थर सहज निघतो, पण त्याबरोबर बटणांवरची अक्षरेही निघतात, म्हणून येथे साध्या ओलसर कापडापलीकडे काही केले नाही. हे देखभालीचे काम नव्हे. बटणे उतरवून, थर काढून, पुन्हा रंगवून अक्षरे उमटवण्याचे ते वेगळे काम आहे, आणि त्याचा अंदाज मालकांना स्वतंत्रपणे दिला जाईल. तोवर हाताला क्रीम किंवा सॅनिटायझर लावून बटणांना स्पर्श करू नये, ही सूचना लिहून दिली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

इंजिनाचा कप्पा. ४,४९९ सीसीचे व्ही८ इंजिन मागच्या काचेखाली उघडे दिसते, आणि त्याच्या लाल, सुरकुतलेल्या पोताच्या प्लेनमवर (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या आवरणावर) धूळ बसली की गाडी बाहेरून कितीही स्वच्छ असली तरी लक्ष तेथेच जाते. पाण्याची धार येथे अजिबात वापरली नाही. सुरकुत्यांमधली धूळ मऊ ब्रशने उभी करून व्हॅक्यूमने घेतली, मग ओलसर कापड. लाल पृष्ठभागावर कोणतेही ड्रेसिंग लावले नाही, कारण त्या पोतात ते अडकते आणि पुढच्या धुळीला धरून ठेवते. काचेची आतली बाजू क्षारमुक्त पाण्याने पुसली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

जुने कोटिंग काम करते का, याची परीक्षा आज घेतली. पहिल्या धुण्याच्या वेळी छपरावर पाणी पसरून बसत होते, त्यावरून कोटिंग संपले असा मालकांचा समज झाला होता. क्षार आणि लोखंड निघाल्यानंतर मागच्या फेंडरवर तेच पाणी पुन्हा गोल थेंब धरून घरंगळते आहे. कोटिंग संपले नव्हते, मळाखाली झाकले गेले होते. दारांवर आणि छपराच्या त्या कोपऱ्यात, जेथे मशीन फिरले, तेथे मात्र कोटिंग पातळ झाले असणार; त्या जागी कोटिंग नव्याने लावले आणि बाकी सर्व गाडीवर सिलिकायुक्त टॉपर (कोटिंगवर द्यायचा पातळ पूरक लेप) देऊन काम पुरे केले. फिल्मसाठी वेगळा टॉपर वापरला.

टायरच्या बाजू तपकिरी पडल्या होत्या. ते रबरातूनच वर येणारे संरक्षक द्रव्य असते. ब्रशने धुऊन पाण्यावर आधारित ड्रेसिंग अगदी पातळ दिले आणि उरलेले पुसून घेतले; रस्त्याला टेकणाऱ्या भागावर त्याचा अंशही जाऊ दिला नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सोपवण्याआधी सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, छोटा फेरफटका मारून ब्रेक हलक्या दाबाने वारंवार लावत वाळवले. धुतल्यानंतर पहिल्या काही ब्रेकांना कार्बन सिरॅमिक डिस्क उशिरा पकड घेते आणि किंचित आवाज करते. हे मालकाच्या हाती जाण्याआधी संपलेले असावे. आवाज राहिला नाही.

गाडी घेताना मालकांनी दारांपेक्षा बॉनेट जास्त वेळ पाहिले. डाव्या कडेची गुलाबी रेघ आणि छपरावरची वर्तुळे त्यांना प्रत्यक्ष दाखवली, आणि दोन्हींच्या नोंदी कामाच्या कागदावर करून त्यांची सही घेतली. दिवाळीसाठी एवढेच सांगितले की फटाक्यांची राख गाडीवर पडली तर ती कोरड्या कापडाने पुसू नये, ब्लोअरने उडवावी किंवा पाण्याने वाहून जाऊ द्यावी. आणि कव्हर घालायचे तर धुतलेल्या गाडीवरच घालावे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गाडी रस्त्याकडेला लावू नये, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

पुढची तपासणी जानेवारीत. त्या वेळी फक्त धुणे, दारांच्या कोटिंगची पाण्याची परीक्षा आणि अंतर्भागातील दमटपणाचे मोजमाप, मशीन नाही. मागच्या टायरच्या बाजूवरील निर्मितीची चार आकडी खूण २०१७ सालची आहे. खाचा भरपूर शिल्लक असल्या तरी सात वर्षांचे रबर या गाडीच्या वेगाला विश्वासार्ह धरता येत नाही, म्हणून ते दोन्ही टायर हिवाळ्यातल्या पहिल्या लांबच्या प्रवासाआधी बदलावेत, असे लेखी कळवले आहे.